राज्य १२.१ टक्क्यांनी वाढलं म्हणतात, मग मी दोन नवे माग घेऊ का?

मागवाला_सोलापूर
२० मार्च २०२२

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा आहे आणि हातात दहा-अकरा दिवसच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. साधे यंत्रमाग, वर जेकार्ड, म्हणजे दोऱ्या उचलून नक्षी पाडणारं यंत्र. एकूण आठ, आज चालू पाच. वडिलांनी साखर पेठेत राहत्या घरात दोन मागांवर सुरुवात केली होती. रात्रभर खटखट चालायची आणि आम्ही भावंडं त्यातच गाढ झोपायचो. लाईट जाऊन माग थांबले की जाग यायची.

१० मार्चला राज्याची आर्थिक पाहणी आली. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राची अर्थव्यवस्था १२.१ टक्क्यांनी वाढेल, देशाची ८.९ टक्क्यांनी. उद्योग ११.९, सेवा क्षेत्र १३.५. त्यानंतर दोनच दिवसांनी मशिनरीचा एजंट कारखान्यात हजर. "मालक, बाजार उठलाय की. दोन रॅपिअर टाका. केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा योजना ३१ मार्चला संपालीय, त्याच्या आत फाईल लागली तर सबसिडी. नंतर काय खरं नाही." रॅपिअर म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग. दोन्ही मशिनी जेकार्डसकट चाळीस लाखांच्या घरात जातात. बँक घर तारण मागते. ते घर वडिलांनी बांधलेलं आहे आणि आई तिथेच राहते.

आता माझी बाजू सांगतो. २१ मार्च २०२०, शनिवार. संध्याकाळी पगार वाटला, दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू म्हणून माग बंद केले. चार मागांवर नवे बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रोळ, चढवलेले होते. सोमवारी बघू म्हणून कुलूप लावलं. ते बीम जूनमध्ये पाहिले तेव्हा ताण्यावर बोटभर धूळ बसलेली, आणि दोन जेकार्डच्या दोऱ्या उंदरांनी कुरतडून टाकलेल्या. ज्यांनी जेकार्डचा भरणा केलाय त्यांना कळेल की ते एकेक दोरी बघून जोडायचं काम किती दिवस खातं. कामगार तर निम्मे नव्हतेच. एक जण हातगाडीवर भाजी विकत होता, दोघं तेलंगणात गावी गेले ते गेलेच. जुलैत शहर पुन्हा दहा दिवस बंद.

त्यात माझा माल कुठला, तर आहेराचा. आपल्याकडे लग्न म्हटलं की टॉवेल-टोपी आली. मोठ्या घरच्या लग्नात तीनशे-चारशे टॉवेल सहज वाटले जातात. पहिल्या वर्षी पन्नास माणसांत लग्न, एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास. मान द्यायला पाहुणाच नाही, तर टॉवेल कुणाच्या खांद्यावर ठेवणार? पंढरपूरच्या दोन आषाढ्या वारकऱ्यांविना गेल्या. तिथल्या दुकानदारांचा माल मी पोचवायचो, तोही बंद.

तातडीच्या कर्जहमी योजनेतून कर्ज मिळालं, ते नाकारत नाही. २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेची बाकी अकरा लाख होती, तिच्या वीस टक्के म्हणजे दोन लाख वीस हजार. त्यातून लाईट बिल भरलं आणि जे कामगार टिकले त्यांचे पगार केले. पहिलं वर्ष नुसतं व्याज होतं, आता मुद्दल सुरू झालंय. महिन्याला सात हजारांच्या आसपास हप्ता.

आणि सूत! दीड वर्षात किलोमागे शंभराच्या वर चढलंय. सूत रोखीने घ्यायचं, टॉवेल नव्वद दिवसांच्या उधारीवर द्यायचा. डझनामागे दहा रुपये वाढवून मागितले की व्यापारी म्हणतो, "नंतर बोलू."

तर प्रश्न असा. राज्य एवढं वाढलं असेल तर ते माझ्या कारखान्यात का दिसत नाही? मी मागे पडलोय, की ते अजून इथवर यायचंय? येणार असेल तर घर तारण ठेवून तयारीत राहावं का? मला धीर नको. खरं काय ते सांगा.

---

होटगीरोडचे_सर
२१ मार्च २०२२

मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. आपण प्रश्न नेमका विचारलात, तेव्हा आकडा आपल्याच मालात मोजून दाखवतो.

समजा कोरोनाच्या आधी राज्य वर्षाला १०० डझन टॉवेल विणत होतं. गेल्या वर्षीच्या पाहणीत २०२०-२१ साठी उणे ८ टक्क्यांचा अंदाज होता. म्हणजे ९२ डझन. आता १२.१ टक्के वाढ धरायची ती या ९२ वर. उत्तर येतं १०३. बाराचा आकडा ऐकून आपण ११२ डझनांचं चित्र डोळ्यापुढे आणतो, प्रत्यक्षात दोन वर्षांत मिळून तीन डझनांची भर आहे. एरवी दोन वर्षांत ही भर बारा-पंधराच्या घरात गेली असती. पुढे हे अंदाज दुरुस्त होतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपला आठ मागांचा कारखाना या आकड्यात कसा मोजला जातो? दर वर्षी कुणी आपल्या दारात येऊन माग मोजत नाही. मोठ्या, नोंदणीकृत कंपन्यांचे ताळेबंद वेळेवर हाती येतात, त्यांची वाढ दिसते, आणि छोट्यांचा अंदाज बऱ्याच अंशी जुन्या पाहण्यांच्या प्रमाणावरून बांधला जातो. साध्या वर्षात हे खपून जातं, कारण मोठा आणि छोटा साधारण एकाच दिशेने चालतात. या दोन वर्षांत तसं झालेलं नाही. मोठ्याकडे रोकड होती, तो टिकला. छोट्याने कुलूप लावलं तेव्हा त्याचं गिऱ्हाईकही मोठ्याकडे गेलं. आपले तीन माग बंद आहेत आणि पाहणीत कदाचित ते चालू धरलेले आहेत. तेव्हा आपण मागे पडलात असं मनात आणू नका.

सरकारच्या तिजोरीचंही पाहा. ४ मे २०२० ला वित्त विभागाने आदेश काढला होता: विकासकामांना त्या वर्षी तरतुदीच्या ३३ टक्केच रक्कम मिळेल, नवी कामं नाहीत, आरोग्य सोडून भरती नाही. त्याआधी मार्चचे पगार दोन टप्प्यांत झाले होते. रस्त्याचं काम थांबलं की मुकादम थांबतो, मजूर थांबतो, त्याच्या घरचं लग्न पुढे जातं आणि शेवटी आपला टॉवेल थांबतो. मुद्रांक शुल्क सप्टेंबर २०२० पासून कमी केलं, त्याने घरांची खरेदी उठली हे खरं, पण त्याचा जोर मुंबई, ठाणे, पुण्यात.

पुढचं वर्ष कसं, तर यंदाच्या अर्थसंकल्पात महसुली तूट २४,३५३ कोटी दाखवली आहे. त्यातच ३० जूनला जीएसटीची भरपाई संपते. २०१७ साली केंद्राने राज्यांना पाच वर्षं वर्षाला १४ टक्के वाढीची हमी दिली होती, ती मुदत आता पुरी होते. जुलैपासून महाराष्ट्राला स्वतःच्या वसुलीवर उभं राहायचंय. राज्य डबघाईला येईल असं मी म्हणत नाही. पण सरकारी पैसा ओसंडून बाजारात येईल आणि आपली मशिन फेडेल, या भरवशावर घर तारण ठेवू नका.

---

सुताचा_हिशेबनीस
२१ मार्च २०२२

थोडक्यात लिहितो, मार्चअखेर आहे. ती सबसिडी मशिन बसल्यावर, तपासणी झाल्यावर मिळते आणि तपासणीला वेळ लागतो. माझ्या एका अशिलाची दोन वर्षांपूर्वीची फाईल अजून हललेली नाही. सबसिडी शून्य धरून हप्ता झेपत असेल तरच घ्या. एजंटाचं कमिशन मशिन उतरली की सुटतं, तुमचा हप्ता सात वर्षं चालतो.

---

विडीघरकुलची_लेक
२२ मार्च २०२२

दादा, मी कुंभारीला विडी घरकुलात राहते. आई गेली सव्वीस वर्षं विड्या वळते. सरांनी आकडे छान समजावले. मी आमच्या घरातला हिशेब सांगते, कारण तुमचं गिऱ्हाईक शेवटी आम्हीच.

लॉकडाऊनमध्ये ब्रँच, म्हणजे पान-तंबाखू देऊन विड्या घेणारं कंपनीचं केंद्र, बंद झाली. पान नाही, तंबाखू नाही, त्यामुळे मजुरी नाही. आईच्या जनधन खात्यावर एप्रिल, मे, जून असे पाचशे-पाचशे आले. माणशी पाच किलो मोफत धान्य आलं आणि त्याने आम्ही उपाशी राहिलो नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. पण तेल, लाईट, भावाच्या रिक्षाचं भाडं, हे धान्यात भागत नाही. बचत गटाचा हप्ता तर दारात येऊन मागायचे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये राज्याने ५,४७६ कोटींचं पॅकेज दिलं. बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, रिक्षावाले यांना पंधराशे. विडीवाल्या बायका त्यात नव्हत्या. भाऊ रिक्षा चालवतो, पण परवाना दुसऱ्याच्या नावावर, म्हणून त्यालाही नाही. मागावरच्या कामगारांचंही नाव नव्हतं, ते तुम्हाला ठाऊकच असेल.

आईची कानातली सोन्याची फुलं जून २०२० मध्ये गहाण पडली. आता ब्रँच नेहमीसारखी चालू आहे. आई पहाटे पाचला पानं भिजवते, दुपारपर्यंत कात्रीने कापून होतात, रात्री टीव्हीसमोर बसून आठशे विड्या पुऱ्या करते. ब्रँचमध्ये छाट, म्हणजे नापास विड्या, काढून हिशेब होतो. म्हणजे आमचंही घर "सावरलं" यादीत मोजलं जाणार. पण येणाऱ्या मजुरीतला मोठा वाटा मागची देणी फेडण्यात जातो. फुलांचं व्याज आम्ही भरतोय, मुद्दल तसंच आहे. दोन वर्षांत घरात नवा टॉवेल आलेला नाही. जुन्याचे मधून फाडून दोन केले, एक पुसायला आणि एक आईच्या मांडीवर, तंबाखूच्या सुपाखाली.

म्हणून मला वाटतं, दादा, आमच्यासारख्या घरांची फुलं सुटत नाहीत तोवर सोलापुरात खरेदी उठणार नाही. तुम्ही दोन मशिनी लावाल, रोज तिप्पट टॉवेल निघतील, पण घेणारं कोण ते आधी बघा.

---

मागवाला_सोलापूर
२२ मार्च २०२२

ताई, माझ्याकडे कांडी भरायला दोन बायका आहेत, दोघीही घरकुलातल्या. त्यांनी कधी हे सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. उद्या विचारतो. पंधराशेच्या यादीत आमचे कामगार नव्हते हे बरोबर आहे. मी तेव्हा चौघांची नावं घेऊन दोन ठिकाणी जाऊन आलो होतो.

सर, ९२ चं गणित पोराच्या वहीवर मांडून बघितलं. हे आधी कुणी असं सांगितलंच नव्हतं.

---

सांगोल्याचा_बागाईतदार
२४ मार्च २०२२

राम राम. सगळ्यांनी नाही नाही म्हटलंय, मी थोडं वेगळं सांगतो, पण आधी शेतीचा आकडा.

२०२०-२१ मध्ये राज्याची शेती ११.७ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज दिला होता. सगळं बुडत होतं तेव्हा शेतीने तारलं असं सगळीकडे म्हटलं गेलं. पाऊस चांगला होता, माल पिकला, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये बाजार समित्या मधूनच बंद, गाड्या नाहीत. पिकलं म्हणून आकडा वाढला, विकलं किती भावाने हे शेतकऱ्याला विचारा. मग १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, सगळीकडे पाणीच पाणी. सरकारने दहा हजार कोटींची मदत जाहीर केली, फळबागेला हेक्टरी २५ हजार, दोन हेक्टरपर्यंत. माझ्या दीड हेक्टर डाळिंबाला त्यातून खताचा खर्च निघाला असेल. गेल्या वर्षी खोडकिडा आला आणि बाग उपटावी लागली. जेसीबी चालत होता तेव्हा बायको शेतात आली नाही. बारा वर्षांची झाडं होती ती. आमच्या तालुक्यात अशा किती बागा गेल्या त्याला मोजदाद नाही.

पण माझे मेहुणे माळशिरसला, त्यांचा ऊस आहे. आपल्या जिल्ह्यात यंदा इतका ऊस उभा आहे की मार्च संपत आला तरी तोड मिळेना. त्रास आहे, मुकादम एकरी वरचे पैसे मागतो, एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय झालाय त्यावरही लोक चिडलेत. तरी दहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये हा पैसा जिल्ह्यात यायचाच आहे, आणि तो एप्रिल-मेमध्ये येणार.

आता हा पैसा कुठे जाणार? दोन वर्षं पोरींची लग्नं थांबलीत. ज्यांनी पंचवीस माणसांत उरकलं, ते आता दुसऱ्या पोराच्या वेळी सगळ्या गावाला बोलवून भरपाई करणार. मेहुण्यांच्या थोरल्याचं २०२१ मध्ये घरातल्या घरात झालं, धाकटीचं मेमध्ये आहे आणि ते आत्ताच म्हणतात की भावकीतला एकही माणूस टॉवेल-टोपीशिवाय परत जाणार नाही. सांगोल्यात, अकलूजला कापड दुकानात विचारा, आहेराच्या चौकशीला सुरुवात झालीय.

हा हंगामाचा पूर आहे, दर वर्षी येईल असं नाही. पुराच्या पाण्यावर बारमाही पीक लावू नये. पण पाणी आलंय तर एक भिजवण घ्यायला काय हरकत? तुमचे तीन माग बंद आहेत ना, ते का सुरू करत नाही?

---

होटगीरोडचे_सर
२४ मार्च २०२२

बागाईतदारांचं म्हणणं मला पटतं. मी मशिनचा विचार करत बसलो, बंद मागांकडे पाहिलंच नाही. थांबलेली मागणी एकदम बाहेर येते तेव्हा वर्षभर तेजी दिसते, त्यानंतर ती नेहमीच्या पातळीला येते. कर्ज सात वर्षांचं आणि तेजी एका हंगामाची असेल तर जोड बसत नाही. दुरुस्तीचा खर्च मात्र एका हंगामात फिटू शकतो.

सुताबाबत एक विनंती. कापसाची खंडी (साधारण ३५६ किलो) पाऊण लाखाच्या वर गेली आहे. अशा वेळी नव्वद दिवसांची उधारी म्हणजे व्यापाऱ्याला आपण बिनव्याजी कर्ज देणं. ऑर्डर घेताना सुतापुरते पैसे आधी मागा. देणारे देतात, कारण हंगामात मालाची त्यांना गरज असते. जानेवारीपासून कापडावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के होणार होता, तो ३१ डिसेंबरला ऐन वेळी पुढे ढकलला. तो रद्द झालेला नाही. भाव ठरवताना हेही मनात ठेवा.

---

मागवाला_सोलापूर
४ एप्रिल २०२२

उशिरा लिहितोय, माफ करा. काम चालू होतं.

३१ मार्च गेला. फाईल लावली नाही. एजंटाने तीन फोन केले. तिसऱ्याला मी सरळ सांगितलं की आईचं घर ठेवणार नाही, तेव्हा तोही गप्प झाला. त्याच संध्याकाळी बातमी आली की गुढीपाडव्यापासून राज्यातले सगळे निर्बंध उठवले.

दुसऱ्या दिवशी पंढरपूरला जाऊन आलो. जुन्या दुकानदारांपैकी दोघांनी दुकान सोडलंय, एकाच्या मुलाने मोबाईलचं दुकान टाकलंय. पण बाकीचे यंदा वारी भरणार या तयारीत आहेत. येताना मोहोळला आणि मंगळवेढ्याला थांबलो. मंगळवेढ्याच्या व्यापाऱ्याने आहेराचे चारशे डझन मेअखेरपर्यंत मागितले. मी सरांचं ऐकून म्हणालो, निम्म्या सुताचे पैसे आधी द्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. मग त्याने चहा मागवला आणि चेकबुक काढलं. इतक्या वर्षांत मी हे कधी मागितलंच नव्हतं.

सहावा माग परवा चालू केला. फणी बदलली, दोन धोटे नवे घेतले, मोटर बांधून आणली, सगळं मिळून एकोणीस हजार. त्यावर कोण बसणार हा प्रश्न होता. भाजीच्या हातगाडीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, दिवसा भाजी सोडणार नाही, रात्रपाळी करतो. दोन वर्षांनी मागावर हात ठेवला आणि पहिल्याच टॉवेलच्या काठाला चूक आली. त्याने स्वतःच माग थांबवला, तेवढा भाग उसवला आणि पुन्हा धरला. मी काही बोललो नाही.

ताई, कांडीवाल्या दोघींना विचारलं. एकीचं मंगळसूत्र गहाण आहे, ते मला माहीतच नव्हतं. मजुरी कांडीमागे थोडी वाढवली, आणि मेचा माल गेला की तिला उचल देईन असं सांगितलंय. ती पगारातून हळूहळू वळती करू. व्याज नाही.

सातव्याच्या जेकार्डच्या दोऱ्या बांधायला माणूस मिळालाय, नीलम नगरचा. सत्तरीचा आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिवसाला दोन-तीन तासच बसतो. पंधरा दिवस लागतील म्हणतो. आठव्याचं नंतर बघू.